दुरुस्तीच्या बिलावर इंजिनाचे कोड लिहून द्या

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात काही दिवसांपूर्वी एका वाचकाने जुन्या मालमोटारींविषयी लिहिताना तक्रार केली होती की, इंजिनावर संगणक आला तेव्हापासून एक-दोन गाड्यांच्या मालकाचे कंबरडे मोडले. यांत्रिक पंपाची जुनी गाडी आडवाटेला बंद पडली तरी मिस्त्री पान्याच्या आणि कानाच्या जोरावर ती चालू करीत असे, आताची गाडी मात्र पिवळा दिवा लावून रुसून बसते आणि वर्कशॉपचा स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोष वाचणारे यंत्र, लागल्याशिवाय काही सांगत नाही. मी कराडला राहणारा, एका दहाचाकी मालमोटारीचा मालक आहे आणि ही तक्रार मला अनुभवाने ठाऊक आहे. तरीही तिचा रोख चुकीच्या जागी आहे असे मला वाटते. गाडीतला संगणक जे सांगतो त्यातले बरेचसे साध्या लॅपटॉपवर वाचता येते, ज्या भाषेत तो सांगतो ती भाषा फार पूर्वीच प्रसिद्ध झालेली आहे, आणि माझ्या गाडीच्या बाबतीत तर त्याने पहिल्या दिवसापासून खरे तेच सांगितले होते. ते माझ्यापर्यंत पोचले नाही, कारण ते लिहून देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. म्हणून माझी मागणी एवढ्यापुरतीच आहे की, इंजिनाच्या संगणकात सापडलेले दोषांचे कोड, ते पुसण्यापूर्वी, जसेच्या तसे जॉबकार्डवर, म्हणजे गाडी आत घेताना वर्कशॉप भरते त्या कागदावर, आणि बिलावर लिहून मालकाच्या हाती द्यावेत.

माझी गाडी २०१२ सालची, धुराच्या प्रदूषणाच्या भारत स्टेज ३ या निकषाची, परंतु कॉमन रेल इंजिनाची, म्हणजे डिझेल किती सोडायचे ते संगणक ठरवतो अशी, आहे. त्या काळी याच स्टेजच्या कितीतरी गाड्या यांत्रिक पंपावर चालत होत्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज ३ च्या गाड्यांची विक्री बंद झाली आणि त्यानंतर रस्त्यावर आलेल्या जवळजवळ प्रत्येक मालमोटारीत इंजिनाचा संगणक, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला ईसीएम, आला. माझी गाडी अशा दोन पिढ्यांच्या मधली. जुन्या फिटरांना ती ‘संगणकाची’ वाटते आणि वर्कशॉपमधल्या तरुणांना ती जुनाट वाटते, त्यामुळे तिच्याकडे मन लावून पाहणारा माणूस मिळणे कठीण.

कराडहून साखर न्हावा-शेव्याच्या बंदरात न्यायची आणि परतीला मिळेल तो माल घेऊन यायचे, असा तिचा नेम आहे. गेल्या वर्षीच्या हिवाळ्यात परतीच्या वाटेवर पारगाव-खंडाळा सोडून खंबाटकीची चढण सुरू झाली की अचानक पिवळा दिवा लागायचा, गाडीचा दम जायचा आणि चालकाला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मागे वाहनांची रांग लावून, घाट चढावा लागायचा. वर पोचून चाबी बंद करून पुन्हा चालू केली की गाडी ठणठणीत. सपाट रस्त्यावर तर काहीच तक्रार नाही. आमच्या गल्लीतल्या फिटरने डिझेल फिल्टर बदलले, पंपवाल्याने नोझल काढून तपासायला सांगितले, तिसऱ्याने टर्बोवर संशय घेतला. शेवटी एका मोठ्या वर्कशॉपात गाडी लावली. तिथे स्कॅनर लावून हवेच्या दाबाचा म्हणजे बूस्टचा सेन्सर आणि ऑइलच्या दाबाचा सेन्सर असे दोन्ही नवे बसवले गेले. बिल पाच आकडी झाले. दुसऱ्याच खेपेला खंबाटकीत तोच पिवळा दिवा लागला. गाडी परत नेली तेव्हा सांगण्यात आले की दोन्ही सेन्सर नवे असूनही कोड येत आहेत, म्हणजे ईसीएमच गेला; आणि त्याच्या किमतीचा जो अंदाज दिला तो सहा आकडी होता. वर्कशॉपचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या मुलांनी मला फसवले असे मला वाटत नाही. स्कॅनरच्या पडद्यावर सेन्सरचे नाव आले, त्यांनी सेन्सर बदलला. त्यांना तसेच शिकवलेले असावे.

माझा भाचा तेव्हा पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने ईसीएमचे पैसे भरण्यापूर्वी पंधरा दिवस मागून घेतले आणि लॅपटॉप घेऊन गाडीत बसला. त्याचा पहिला प्रयोग वाया गेला हे आधी सांगतो, कारण पुष्कळ जण तिथेच थांबतात. मोटारगाड्यांसाठी ऑनलाइन मिळणारा, अंगठ्याएवढा ब्लूटूथ अडॅप्टर त्याने स्टिअरिंगखालच्या सोळा छिद्रांच्या सॉकेटमध्ये लावला आणि मिनिटभरात त्याला जळका वास येऊ लागला. मोटारगाडीची वीज १२ व्होल्टची असते, मालमोटारीत दोन बॅटऱ्या ओळीने जोडून ती २४ व्होल्ट केलेली असते, आणि स्वस्तातले बरेच अडॅप्टर एवढा दाब सोसण्यासाठी बनवलेलेच नसतात. शिवाय ते मोटारगाडीच्या भाषेत प्रश्न विचारतात, आणि मालमोटारीचे इंजिन त्या भाषेत उत्तर देईलच असे नाही. मग त्याने संगणकाच्या यूएसबीला जोडता येणारा, कॅन वाहिनीसाठीचा अडॅप्टर मागवला. त्याची किंमत एका रिमोल्ड टायरपेक्षा कमी पडली. वाचण्यासाठीचे सॉफ्टवेअर फुकट होते. लिनक्स या प्रणालीत कॅन वाहिनी वाचण्याची सोय २००८ पासून अंगभूत आहे.

कॅन म्हणजे दोन एकमेकींभोवती पिळलेल्या वायरींची जोडी. बॉश कंपनीने ही पद्धत १९८६ मध्ये जगापुढे मांडली. गाडीतले सगळे लहान-मोठे संगणक, म्हणजे इंजिनाचा, ब्रेकचा, डॅशबोर्डचा, या एकाच जोडीवर बोलतात आणि एकमेकांचे ऐकतात. मालमोटारींनी त्यावर कोणत्या शब्दांत बोलायचे हे अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने जे-१९३९ या मानकात ठरवून दिले आहे, आणि आपल्याकडच्या संगणकाच्या मालमोटारींतही ते मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. सोळा छिद्रांच्या सॉकेटमध्ये ही जोडी बहुधा ६ आणि १४ क्रमांकाच्या छिद्रांत असते, ४ व ५ क्रमांकावर अर्थिंग आणि १६ क्रमांकावर बॅटरीचा धन येतो. काही गाड्यांत नऊ पिनांचा गोल सॉकेट असतो. माझ्या गाडीच्या वयाच्या काही गाड्या कॅनऐवजी ७ क्रमांकाच्या छिद्रातल्या एकाच वायरीवरून, जिला के-लाइन म्हणतात, बोलतात, आणि तिथे हा अडॅप्टर चालत नाही. म्हणून आधी गाडीचा वायरिंग नकाशा पाहावा. बॅटरीचा मेन स्विच बंद करून ६ आणि १४ यांच्यामध्ये मल्टिमीटरने रोध मोजला आणि तो ६० ओहमच्या आसपास आला, तर वाहिनीच्या दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रोधक जागेवर आहेत असे समजावे. १२० आला तर एक टोक सुटलेले आहे. ही तपासणी करायला लॅपटॉपही लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. तरीही आमच्या भागात ती करताना मी कोणाला पाहिले नव्हते.

भाच्याने चाबी फिरवली तेव्हा लॅपटॉपच्या पडद्यावर आकड्यांचा पूर आला. एकेका ओळीत ० ते २५५ मधले आठ-आठ आकडे, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ती कशाविषयी आहे ते सांगणारा क्रमांक. पहिल्या दिवशी मला त्यातले अक्षरही कळले नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कागदावर मांडून दाखवले. ६१४४४ या क्रमांकाच्या संदेशातील चौथा आणि पाचवा आकडा मिळून इंजिनाचे फेरे होतात. समजा तिथे २२४ आणि ४६ आले, तर ४६ ला २५६ ने गुणून त्यात २२४ मिळवायचे, ते १२,००० होतात, त्यांना आठाने भागले की मिनिटाला १,५०० फेरे. समोरच्या काट्यावर तेव्हा तेवढेच दिसत असतात. ६५२६२ या संदेशाचा पहिला आकडा पाण्याचे तापमान सांगतो; त्यातून ४० वजा करायचे, म्हणजे १२५ आले तर ८५ अंश. ६५२६३ मध्ये चौथा आकडा ऑइलच्या दाबाचा, त्याला चाराने गुणले की किलोपास्कलमधला दाब मिळतो. १०० आले तर ४०० किलोपास्कल, म्हणजे सुमारे चार बार. हे वाचायला शाळेतले गणित पुरते. माझ्यासारख्या बी. कॉम. झालेल्या माणसाला ते जमले, तर गॅरेजमध्ये वीस वर्षे घालवलेल्या फिटरला न जमण्याचे कारण नाही.

एक गोम मात्र सांगितली पाहिजे. या मानकात २५५ हा आकडा ‘ही माहिती माझ्याकडे नाही’ असे सांगण्यासाठी राखून ठेवला आहे, आणि २५४ हा ‘माहिती देणाऱ्यातच दोष आहे’ असे सांगण्यासाठी. स्वस्तातली काही ॲप हे लक्षात न घेता २५५ मधून सरळ ४० वजा करतात आणि जो सेन्सर गाडीत बसवलेलाच नाही त्याचे तापमान २१५ अंश दाखवतात. माझ्या ओळखीच्या एका चालकाने असे वाचून महामार्गाच्या कडेला तासभर इंजिन थंड होण्याची वाट पाहिली होती.

आता मूळ गोष्टीकडे येतो. दोष सापडला की ईसीएम तो दिवा लावून सांगतो आणि त्याच वेळी वाहिनीवर दर सेकंदाला एक संदेश पाठवतो. त्या संदेशात प्रत्येक दोषाचे तीन भाग असतात. पहिला, दोष कोणत्या गोष्टीविषयी आहे त्याचा क्रमांक: ९७ म्हणजे डिझेलमध्ये पाणी, १०० म्हणजे ऑइलचा दाब, १०२ म्हणजे बूस्ट, ११० म्हणजे पाण्याचे तापमान. दुसरा, दोष कोणत्या प्रकारचा आहे त्याचा क्रमांक. तिसरा, तो दोष आतापर्यंत किती वेळा उद्भवला त्याची मोजणी. यातला दुसरा भाग सर्वांत मोलाचा आहे आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. तिथे ० किंवा १ असेल तर मोजलेली गोष्ट खरोखरच मर्यादेबाहेर गेली आहे असे ईसीएम म्हणतो. ३ किंवा ४ असेल तर सेन्सरकडून येणारा विजेचा दाब गरजेपेक्षा जास्त किंवा कमी आहे, आणि ५ असेल तर बहुधा वायर तुटली किंवा सॉकेट सुटला आहे. म्हणजे १०० च्या पुढे १ आले, तर चालकाने जागेवर इंजिन बंद करावे, कारण ऑइलचा दाब गेला आहे. १०० च्या पुढे ४ आले, तर बहुतेक वेळा इंजिनाला काही झालेले नसते, सेन्सर, त्याची वायर किंवा त्याला वीज पुरवणारा मार्ग यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. इंजिन खोलायचे की टॉर्च घेऊन वायरिंग पाहायची, हा निर्णय या एका अंकावर ठरतो. वर्कशॉपच्या बिलावर मला मिळालेले वर्णन होते ‘ऑइल प्रेशर सेन्सर दोष’, आणि तो अंक त्यात नव्हता.

माझ्या गाडीच्या ईसीएमने तीन दोष नोंदवलेले होते. बूस्ट, प्रकार ४. ऑइलचा दाब, प्रकार ४. आणि तिसरा, क्रमांक ६२०, प्रकार ४. या ६२० चा अर्थ मानकात स्पष्ट आहे: सेन्सरांना पुरवली जाणारी ५ व्होल्टची वीज. तिन्ही दोषांसमोर मोजणी सारखीच होती, २३. भाचा मला म्हणाला, “मामा, गाडी तीन गोष्टी सांगते आहे आणि तुमच्या बिलात दोनच आहेत.” दोन वेगवेगळे सेन्सर, तेही नवे, नेमके एकाच वेळी आणि सारख्याच वेळा बिघडतात हे कोणाही फिटरला सांगितले तर तो हसेल. परंतु दोघांनाही एकाच वायरीवरून ५ व्होल्ट मिळत असतील आणि ती वायर कुठेतरी गाडीच्या लोखंडाला टेकत असेल, तर दोघेही एकदम आंधळे होणार आणि ईसीएम नेमके हेच तीन कोड नोंदवणार. बूस्ट कळेनासा झाला की ईसीएम खबरदारी म्हणून डिझेल कमी करतो, आणि घाटात गाडीचा दम जातो तो त्यामुळे.

तिसरा कोड वर्कशॉपला का दिसला नाही, की दिसूनही लिहिला गेला नाही, हे मला सांगता येणार नाही. एक शक्यता तांत्रिक आहे. वाहिनीवरच्या एका संदेशात आठच आकडे मावतात. त्यातले दोन दिव्यांच्या स्थितीसाठी जातात आणि एका दोषाला चार लागतात. म्हणून एकाहून अधिक दोष असले की ईसीएम यादी तुकड्यांत पाठवतो, आणि ते तुकडे जोडण्याचे काम वाचणाऱ्या यंत्राने करायचे असते. साधी वाचनयंत्रे ते नीट करीत नाहीत. दुसरी शक्यता अशी की ‘५ व्होल्ट’ या ओळीसमोर बदलायला कोणता सुटा भाग नसल्यामुळे ती ओळ बिलात येण्याचे काही कारणच नव्हते.

पुढचे काम एका सकाळीच झाले. इंजिन चालू ठेवून मी लॅपटॉपवर ऑइलच्या आणि बूस्टच्या दाबाच्या दोन ओळी पाहत बसलो आणि भाचा बॉनेटखाली वायरिंगची जुडी वीतवीत अंतरावर हलवत गेला. एअर कॉम्प्रेसरच्या पाइपच्या ब्रॅकेटपाशी त्याचा हात गेला आणि दोन्ही ओळींत एकदम २५४ आले. तिथला प्लॅस्टिकचा क्लिप कधीतरी, बहुधा क्लचप्लेटच्या कामात, काढला गेला होता आणि परत बसवला गेला नव्हता. जुडी ब्रॅकेटच्या धारेवर घासत होती. सपाट रस्त्यावर इंजिन स्थिर असल्याने काही होत नसे. घाटात खालच्या गिअरमध्ये पूर्ण जोर लागला की इंजिन आपल्या रबरी मांडणीवर एका बाजूला पिळले जाई आणि उघडी पडलेली वायर लोखंडाला टेके. वायर कापून सोल्डर केली, वर स्लीव्ह चढवला, बाहेरून नवी नळी घातली आणि क्लिप बसवला. ईसीएम अजून तोच आहे. त्यानंतर गाडी खंबाटकी कितीदा तरी चढली आहे आणि पिवळा दिवा चाबी फिरवताना लागून विझतो, तेवढाच.

ही हकिगत लिहिण्यामागे प्रत्येक मालकाने लॅपटॉप घ्यावा असे सुचवण्याचा हेतू नाही. लॅपटॉप नसणाऱ्यांसाठी या पिढीतल्या अनेक गाड्यांत एक जुनी सोय आहे: इंजिन बंद, चाबी चालू, आणि डॅशबोर्डवरचा तपासणीचा स्विच दाबला की दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, त्या उघडझापी मोजल्या की कोडाचे आकडे मिळतात. त्या आकड्यांचा अर्थ मात्र कंपनीगणिक वेगळा असतो आणि तो सांगणारे कोष्टक जुन्या गाडीच्या मालकाकडे क्वचितच सापडते. माझ्या गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत टायरमधल्या हवेवर दोन पाने आहेत आणि दिवा लागला तर काय करावे यावर एकच वाक्य: अधिकृत केंद्राशी संपर्क साधावा.

ज्यांना लॅपटॉप लावून पाहायचेच आहे त्यांना भाच्याच्या वतीने दोन सूचना देतो. अडॅप्टर आधी ‘फक्त ऐकणे’ या स्थितीत ठेवावा. वाहिनीचा वेग बहुधा सेकंदाला अडीच लाख बिट असतो. अडॅप्टरचा वेग चुकून वेगळा ठेवला आणि तो बोलू लागला, तर तो वाहिनीवर गोंधळ घालतो आणि ब्रेकच्या संगणकापर्यंत सगळ्यांना त्याचा त्रास होतो. दुसरे असे की चालत्या गाडीत पडदा चालकाने पाहू नये. नोंद आपोआप साठत राहते, ती घरी येऊन वाचता येते. घाटातली नोंद आम्ही तशीच, क्लीनरच्या मांडीवर लॅपटॉप ठेवून घेतली.

आणि कोड पुसण्याची घाई करू नये. दिवा लागला की स्कॅनर लावून आधी कोड पुसायचा आणि ‘गेला की नाही बघा’ म्हणायचे, ही सवय आमच्या भागात फार बोकाळली आहे. पुसल्यावर मोजणी शून्य होते, आणि कोणते दोष जोडीने आले होते हे पुढच्या माणसाला कळण्याचा मार्ग बंद होतो. माझ्या बाबतीत २३ हा आकडा शिल्लक राहिला तो केवळ नशिबाने, कारण दुसऱ्या भेटीत ईसीएमच बदलायचा ठरल्याने कोणी पुसायचे कष्ट घेतले नाहीत.

कंपन्यांची बाजू मला समजते. डिझेल किती आणि केव्हा सोडायचे याची कोष्टके ईसीएममध्ये कुलूपबंद असतात आणि ती तशीच असावीत. भारत स्टेज ४ च्या गाड्यांतली, धुरातले प्रदूषण कमी करणारी युरियाच्या द्रावणाची यंत्रणा बंद पाडून ईसीएमला सारे आलबेल असल्याचे खोटे सांगणारी डबी बसवून घेणारे महाभाग आपल्याच धंद्यात आहेत, आणि त्यांचा धूर आपण सगळेच खातो. ईसीएममध्ये लिहिण्यावर बंधन राहू द्या. वाचणे ही वेगळी गोष्ट आहे. गाडी माझी, तिचा दोष मी पैसे देऊन शोधून घेतलेला, तर तो दोष कोणत्या शब्दांत सापडला हे मला कळू नये याला कसलेही कारण मला दिसत नाही.

हा विचार सरकारदरबारी नवा नाही. सुटे भाग, दोष शोधण्याची साधने आणि तांत्रिक पुस्तिका खुल्या बाजारातील गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. ते प्रकरण पुढे अपिलात गेले आणि ते मोटारगाड्यांविषयी होते; परंतु दोष शोधण्याचे साधन हेही दुरुस्तीच्या हक्काचाच भाग आहे हे तिथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडले गेले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेतीची अवजारे, मोबाइल आणि टिकाऊ घरगुती वस्तू यांच्या जोडीला वाहनेही तिच्या कक्षेत घेतली, आणि त्यानंतर एक संकेतस्थळही सुरू झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात याच प्रश्नावर २०१२ मध्ये थेट मतदारांचा कौल घेतला गेला होता आणि तो दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने प्रचंड बहुमताने लागला. आपल्याकडे चर्चा बहुधा मोबाइलच्या पडद्यापाशी आणि मोटारगाडीच्या बंपरपाशी थांबते. दहा-बारा वर्षांची मालमोटार, जिच्यावर एका घराचे पोट आणि बँकेचा हप्ता अवलंबून असतो, ती या चर्चेत क्वचितच येते.

मोठी धोरणे ठरायला वेळ लागेल, म्हणून मी लहान गोष्ट मागतो आहे. वर्कशॉप अधिकृत असो वा गल्लीतले, स्कॅनर लावला की दिसलेल्या प्रत्येक दोषाचे तिन्ही आकडे जॉबकार्डवर उतरवावेत: गोष्टीचा क्रमांक, प्रकाराचा क्रमांक, मोजणी. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, कंपनीचे गुपित उघड होत नाही आणि दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात नाही. मालकाला ते आज कळले नाहीत तरी चालेल; दुसऱ्या फिटरला, भाच्याला, किंवा वाद झालाच तर ग्राहक आयोगाला ते कळतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मेकॅनिक डिझेल हा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांना प्रकार १ आणि प्रकार ४ यांतला फरक पहिल्याच सत्रात, वर्गातल्या फळ्यावर नव्हे तर एखाद्या जुन्या इंजिनावर वायर काढून-घालून दाखवला, तर आणखी बरे होईल. आमच्या परिवहन संघटनांनीही भाडेवाढीच्या बैठकीत या विषयाला पाच मिनिटे द्यावीत.

आमच्या भागातल्या वर्कशॉपांच्या जॉबकार्डवर बॅटरीचे क्रमांक, टायरांचे क्रमांक, टाकीतले डिझेल, स्टेपनी, जॅक आणि टेप यांच्यासाठी छापील चौकटी असतात, आणि गाडी आत घेताना एक मुलगा त्या सगळ्या न कंटाळता भरतो. टेपच्या चौकटीखाली माझ्या जॉबकार्डवर दोन बोटे जागा रिकामी आहे.

आपला विश्वासू,
एक मालमोटारमालक,
कराड, जि. सातारा